तपासणीच्या रांगेत बाई कुठे होती?

(द्वारका, नाशिक येथे वस्त्यांमधल्या महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपण बसलो आहोत ते द्वारका. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो, पुण्याचा रस्ता इथूनच फुटतो. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत या रस्त्याने पोरंबाळं घेऊन चालत निघालेली माणसे तुम्ही पाहिलीत. जवळच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ ला ऑक्सिजनची गळती झाली आणि त्या एका दिवसात २२ माणसे गेली, तेही कुणी विसरलेले नाही. त्या काळाबद्दल बोलताना आपण खाटा, ऑक्सिजन, औषधे यांच्याबद्दल बोलतो. मला त्याच्या आधीच्या पायरीबद्दल बोलायचे आहे. आजार झाला आहे हे कळण्याबद्दल, म्हणजे निदानाबद्दल.

जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिकेने तीन विभागांत लोकांचे रक्त तपासले. आजार येऊन गेला असेल तर त्याची खूण रक्तात राहते, ती शोधायची होती. झोपडपट्टीत शंभरातल्या ५७ जणांत ती सापडली, इतर वस्तीत १६ जणांत. आणि बायकांमधले प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित जास्तच निघाले. आता रोज संध्याकाळी जाहीर होणारे आकडे आठवा. त्या नोंदलेल्या रुग्णांत पुरुषच जास्त असायचे. एक गोष्ट मान्य करू या. पुरुषांना हा आजार अधिक जड गेला, आणि जड झालेला माणूस तपासला जातोच. पण सगळा फरक तेवढ्याने भरून निघतो असे मला वाटत नाही. आजार बाईपर्यंत पोचला, तपासणी पोचली नाही.

का पोचली नाही? पैसा तर होताच. सरकारी तपासणी फुकट, पण तिथे रांग. आणि सुरुवातीला नाशिकचे नमुने पुण्याला, धुळ्याला जायचे, तोवर वाट पाहायची. खासगीत मार्च २०२० मध्ये कमाल दर ठरला ४,५०० रुपये. जूनमध्ये राज्य सरकारने तो २,२०० वर आणला. भांडी घासणाऱ्या बाईने स्वतःच्या तापासाठी २,२०० रुपये काढायचे? नवऱ्यासाठी काढेल, कर्ज काढून काढेल. (देशी बनावटीचे पहिले मान्यताप्राप्त किट पुण्यात ज्या चमूने तयार केले, त्याच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले या बाईच होत्या, आणि त्या वेळी त्यांचे दिवस भरत आले होते. हेही सांगून ठेवते.)

पैशापेक्षा नडला तो वेळ. नाकात-घशात काडी घालून जी आरटीपीसीआर तपासणी होते, ती विषाणूचा बारीकसा अंश असंख्य पटींनी वाढवून दाखवते. पण तो अंश काडीवर यायला तर हवा! लक्षणे सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत तो सापडण्याची शक्यता जास्त, नंतर कमी कमी होत जाते. आपली बाई काय करते? अंगावर काढते. आधी सासऱ्यांचे, मग नवऱ्याचे, मग मुलांचे. दहाव्या-बाराव्या दिवशी ती केंद्रावर उभी राहते आणि अहवाल येतो निगेटिव्ह. घरचे म्हणतात, बघ, तुला काही झालेच नव्हते.

अर्ध्या तासात निकाल देणाऱ्या अँटिजेन तपासणीचेही तसेच. तिच्यात पॉझिटिव्ह आले तर धरून चालायचे. निगेटिव्ह आले आणि ताप-खोकला असला, तर आरटीपीसीआर करायचीच, असा आयसीएमआरचा नियम होता. हे किती जणींना कुणी सांगितले?

आणि तो अहवाल जायचा कुणाकडे? फॉर्मवर मोबाइल नंबर लागायचा. घरात फोन एक, तो नवऱ्याचा. बाईच्या शरीराची बातमी आधी त्याला, मग जमलेच तर तिला. काही ठिकाणी दारावर कागद चिकटवून ती गल्लीलाही दिली. सरसकट असे कागद लावू नयेत हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत डिसेंबर २०२० उजाडला होता.

बाळंतिणींचे तर वेगळेच. एरवी जिला कुणी तपासायला नेत नव्हते, तिला कळा सुरू असताना दारात विचारले गेले, अहवाल कुठे आहे? आयसीएमआरने १८ मे २०२० च्या सूचनांत स्पष्ट लिहिले होते की तपासणी झालेली नाही म्हणून बाळंतपण किंवा कुठलाही तातडीचा उपचार अडवून ठेवू नये. तो कागद आपल्या हातात असता तर दारात भांडता आले असते.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दलही थोडे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई तो घेऊन दारोदार फिरल्या. (रोग शोधायचे काम बायकांचेच, तेही तुटपुंज्या मोबदल्यावर, जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला.) हे यंत्र सांगते की रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी शंभरातले किती ऑक्सिजनने भरलेले आहे. मुळात हिमोग्लोबिन किती, ते सांगत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. अशा बाईच्या बोटावर ९७ आकडा दिसला तरी तिच्या अंगाला पोचणारा ऑक्सिजन कमीच असू शकतो. गाड्या भरलेल्या आहेत, पण गाड्याच थोड्या! म्हणून आकड्याबरोबर तिला विचारायला हवे, जिना चढताना धाप लागते का? सहा मिनिटे चालायला लावून पुन्हा आकडा बघायला बिनपैशात होते.

हे सगळे आता कशाला उकरते, असे कुणी म्हणेल. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या २४ लाख रुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये १८ लाखांची. क्षय कमी झाला नव्हता, शोधणे थांबले होते. न सापडलेल्यांत आपल्या वस्तीतल्या बाया असणारच. तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सायंकाळचा ताप, उतरलेले वजन, असे जिचे असेल तिची थुंकी तपासायला द्या. सरकारी केंद्रात ती फुकट तपासतात. एकटीला पाठवू नका, एकीने सोबत जा. आणि फॉर्मवर कुणाचा नंबर घालायचा, ते तिला आधी विचारा.