चाकाचा ऑफसेट

वेगवान मोटारगाडीस हौसेनें नवीं चाकें बसवितांना बहुतेक जण त्यांचा व्यास आणि झळाळी तेवढी पाहतात. परंतु महत्त्वाची गोष्ट चाकाच्या पाठीमागें दडलेली असते. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि तें हबला जेथें टेकतें तो पृष्ठभाग, यांतील अंतरास ऑफसेट म्हणतात. हा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असला, तर ऑफसेट धन होय.

१९८९ सालीं निघालेल्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी गाडीचें उदाहरण घ्यावें. तिचें मूळ चाक ५.५ इंच रुंद, ऑफसेट ४५ मिलिमीटर. हौशी मालक ७ इंच रुंदीचें चाक आणतो. रुंदी दोहों बाजूंस सुमारें १९ मिलिमीटर वाढते. ऑफसेट ४५ च ठेवला, तर आंतली कड तितकीच सस्पेन्शनकडे सरकते. तो २५ केला, तर आंतली जागा जवळजवळ पूर्ववत् राहते. पण बाहेरची कड ३९ मिलिमीटर पुढें येते आणि टायर मडगार्डास घासण्याचें भय उत्पन्न होतें. शिवाय बेअरिंगवरील ताण वाढतो, व खड्ड्यांत स्टिअरिंग हातांस हिसके देऊं लागतें.

म्हणून खरेदीपूर्वीं हा हिशेब कागदावर मांडावा. चाक बसविल्यावर स्टिअरिंग दोन्ही अंगांस पूर्ण फिरवून पाहावें. बोल्टांचीं छिद्रें जुळलीं, एवढ्यानें चाक जुळलें असें होत नाहीं. जागा अपुरी दिसली, तर चाक कितीहि देखणें असो, तें परत करावें. गाडींत माणसें बसावयाचीं असतात.