जालन्याच्या उन्हात साधं हॉटेल: भागाचं लिखित रूप

आजचा भाग जालना जिल्ह्यातल्या श्रोत्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलाय, पण मराठवाड्यात कुठेही असाल तरी ऐका.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. या रस्त्याला शेतातून थेट दार काढता येत नाही. त्यामुळे इंटरचेंजच्या जोडरस्त्यावर ज्यांची जमीन आहे, त्यांच्या घरात एक बोलणं हमखास निघतं: एकरभर बाजूला काढू, कर्ज काढू, हॉटेल टाकू. मग मोबाइलवर फोटो बघितले जातात. पांढऱ्या भिंती, जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे हिरवंगार लॉन. याला म्हणे मिनिमलिस्ट डिझाइन म्हणतात.

आता बघा, ती काच थंड देशातली आहे. तिथे ऊन घरात यावं म्हणून लावतात. आपल्याकडे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभी बाटली ठेवा, सावली पडत नाही! म्हणजे सगळ्यात जास्त मार खातं ते छत, आणि संध्याकाळकडे पश्चिमेची भिंत. पैसा आधी तिथे लावा. पश्चिमेला स्वयंपाकघराचं कोठार, संडास, जाड भिंत. बसायची जागा उत्तर-पूर्वेला, पुढे खोल ओसरी. माझ्या मते इमारतीचं निम्मं डिझाइन इथेच संपतं.

साध्या हॉटेलचा आपल्या देशातला उत्तम नमुना तिरुवनंतपुरमला आहे, बसस्टँडजवळचं इंडियन कॉफी हाउस. लॉरी बेकर यांनी केलेलं. विटांची गोल इमारत, आत चढत जाणारा गोलाकार उतार, भिंतीला जाळी, आणि टेबलं-बाकं बांधकामातच केलेली. वेगळं फर्निचर नाही, वेगळी सजावट नाही. गिऱ्हाईक येतंय, कॉफी पितंय, इमारत झिजत नाही.

पण हे जसंच्या तसं जालन्यात उचलू नका. केरळची हवा दमट, तिथे दिवसभर वारा हवा असतो. आपल्याकडे मेच्या दुपारी जाळीतून येतो तो वारा नसतो, झळ असते. आणि रस्त्याची धूळ, ती वेगळीच. आपल्याला दिवसा बंद आणि रात्री उघडं असं घर लागतं. म्हणून जाळी ठेवाच, पण उत्तरेला-पूर्वेला, आणि आतून लाकडी झडपा. बांधलेली बाकं मात्र बिनधास्त घ्या. बेकर यांचं दुसरं घेण्यासारखं म्हणजे फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट फारसं कामाचं नसतं. त्या जागी सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौलांच्या जोड्या ठेवतात. काँक्रीट वाचतं आणि कौलांमध्ये अडकलेली हवा ऊन अडवते. वरून पांढरा चिनी मोझॅक. हिशेब मात्र इंजिनिअरकडूनच करून घ्या.

कुणी म्हणेल, आपलं जुनं माळवद काय वाईट होतं? थंड होतंच. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारीला माणसं दबली ती जाड दगडी भिंती, मातीचा सांधा आणि वर मातीच्या छताचं ओझं, याखाली. दगड वापरा, आपल्या काळ्या दगडासारखी भिंत नाही. पण सांधा सिमेंटचा, मध्ये मध्ये भिंतीच्या आरपार जाणारे दगड, आणि जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर नि छताखाली सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा. जालना तर सळईचंच गाव. तिथे कंजुषी नको.

काळी जमीन हा आणखी एक विषय. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी, भिंत तडकवते. पाया मुरमापर्यंत न्या. फरशीखालचीही काळी माती काढून मुरूम भरा. निघालेली माती बांधावर फेकू नका, मोसंबीला टाका. जागेवर जुना लिंब असेल तर इमारतच थोडी सरकवा. त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक लावले की झाड हळूहळू जातं, आणि फुकटची सावलीही.

पाण्याचं बोलू. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. तिथे आपण लॉनला पाणी घालणार? साधा हिशेब करा: दोन हजार चौरस फूट छत, साडेसहाशे मिलिमीटर पाऊस. गळती, बाष्प धरूनही लाखभर लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दहा टँकर. टाकीची जागा नकाशात पहिल्या दिवशी धरा, नंतर ती कधीच सापडत नाही. भांड्यांचं पाणी तेल अडवणाऱ्या टाकीतून कर्दळीच्या आणि केळीच्या वाफ्यात सोडा.

राहिला एसी. नागपूरहून चार तास गाडीत एसीत बसून आलेलं कुटुंब आधी तेच विचारणार, त्यात त्यांची चूक नाही. माझं मत असं की, एक लहान खोली, वीसेक माणसांची, जाड भिंतीची, लहान खिडक्यांची, एसीसाठी ठेवा. बाकी ओसरी आणि लिंबाखाली. सगळा हॉल काचेचा करून थंड करायला गेलात, तर कर्जाच्या हप्त्यासोबत विजेचं बिलही दर महिन्याला दारात उभं राहील, गिऱ्हाईक येवो न येवो.

पुढच्या भागात भट्टीचा धूर आणि चिमणी कुठे काढायची ते बघू. तुमच्या जागेचे प्रश्न असतील तर दिशा आणि जमिनीचा उतार लिहून पाठवा, नुसते फोटो नको.