ताईंवर विश्वास ठेवू या, वहीही उघडू या



आपल्या गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "ताई आहेत ना, त्या बघतील." कर्जाचा अर्ज भरायचाय? ताई आहेत ना. बँकेत जायचंय? ताई आहेत ना. वहीत काय लिहिलंय? ताईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. हे वाक्य मायेचं आहे, पण पुष्कळदा गट मोडायची सुरुवातही इथूनच होते. म्हणून आज श्रद्धा आणि विश्वास या दोन शब्दांविषयी थोडं बोलू या.

आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो. पण बघा, देवापुढं दिवा लावताना आपण पावती मागत नाही. ती श्रद्धा. डेअरीवर दूध घालतो तेव्हा मात्र लिटर किती, फॅट किती लागलं, ते बघतो. चिठ्ठी जपून ठेवतो, पगाराच्या दिवशी ताळा करतो. असा दहा वेळा ताळा जुळला की मग म्हणतो, "इथं फसवत नाहीत." हा झाला विश्वास. श्रद्धा मनातून येते. विश्वास विचारून, बघून, हळूहळू बसतो.

कुणी म्हणेल, जिथं श्रद्धा आहे तिथं प्रश्न कसा विचारायचा? तर आपल्या वारीकडेच बघा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत लाखो माणसं चालतात. संध्याकाळी मुक्कामाला समाज आरती होते. चोपदार दंड वर करतात आणि एवढा मोठा टाळ-मृदंगाचा गजर क्षणात थांबतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग तिची तक्रार ऐकून घेतली जाते, तिथल्या तिथं निवाडा होतो. कुणाची वस्तू हरवली, कुणाला सापडली, तेही तिथंच पुकारलं जातं. त्यानंतर आरती होते. म्हणजे जिथं श्रद्धा सगळ्यात मोठी, तिथंसुद्धा तक्रारीला जागा ठेवलेली आहे. तिथं टाळ वाजवणाऱ्याला कुणी भक्तीत कमी म्हणत नाही. मग गटात हिशोब विचारणारीला आपण भांडकुदळ का म्हणावं?

आता आपल्या गटाकडे येऊ. १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा सुरुवातीचं लक्ष्य ५०० गटांचं होतं. त्यात नवं काय होतं? जमीन नाही, दागिना नाही, तरी बँक गटाला कर्ज देऊ लागली. बँकेनं काय बघितलं? बैठक वेळेवर होते का, बचत नियमित जमते का, आपापसात कर्ज फिरतं का, ते वेळेवर फिटतं का आणि वह्या पूर्ण लिहिलेल्या आहेत का. हीच आपली पंचसूत्री. आपल्यातल्या कुणाचा चेहरा बघून बँकेनं विश्वास ठेवलेला नाही, आपल्या वह्या बघून ठेवलाय. मग ज्या वहीवर बँक भरवसा ठेवते, ती आपण स्वतः महिनोन्‌महिने न उघडणं कितपत बरोबर?

यात ताईंचं काय होतं, तेही बघू या. सगळा कारभार एकटीच्या डोक्यावर असतो. दुसरीला वही वाचता येत नाही, किंवा येत असून ती वाचत नाही. मग एखाद्या महिन्यात दोनशे रुपयांचा ताळा लागत नाही. चूक बेरजेची असते, पण पाणवठ्यावर कुजबुज सुरू होते, "बाईनं खाल्ले असतील." काल जिच्यावर डोळे मिटून भरवसा होता, तिच्याकडे आज सगळ्या वाकड्या नजरेनं बघतात. डोळे मिटून ठेवलेला भरवसा असाच एका दिवसात तुटतो. वही सगळ्यांसमोर वाचली जात असती, तर ती चूक त्याच दिवशी सापडली असती आणि त्या बाईची अब्रूही राहिली असती. मैत्रिणींनो, उघडी वही ही प्रामाणिक ताईंची ढालच आहे. कर नाही त्याला डर कशाला?

आणि ताईंच्या मनात खोट असेल तर? मग आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं होतं. दोन्ही वेळेला औषध एकच, वही उघडणं.

"आम्हाला कुठं एवढं लिहिता-वाचता येतं?" असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी म्हसवडची गोष्ट ऐकावी. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं हे गाव. तिथल्या कष्टकरी बायकांनी चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण काही सभासद बायका निरक्षर होत्या. बायका शिकायला बसल्या आणि पुन्हा साहेबांपुढं गेल्या. चेतनाताई सांगतात की बायकांनी साहेबांना म्हटलं, आम्हाला व्याजाचा हिशोब घाला, तोंडी करून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. चेतनाताईंनी "तुम्ही बसा, मी बघते" असं म्हटलं असतं, तर बायका पहिल्यासारख्याच मागं राहिल्या असत्या. आपल्या माणसांना हिशोब करायला, बोलायला पुढं करणं, हे खरं नेतृत्व.

गटाबाहेर पैसे ठेवतानाही हेच लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विम्याचं संरक्षण असतं. एका बँकेत एका ठेवीदाराला व्याज धरून पाच लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही रक्कम एक लाख होती. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही. म्हणजे प्रत्येक पतसंस्था वाईट असं नाही. पुष्कळ पतसंस्था चांगल्या चालतात. पण "अध्यक्ष आपल्या नात्यातले आहेत, देवमाणूस आहेत" एवढ्यावर ठेव ठेवू नका. लेखापरीक्षणाचा अहवाल मागा, थकबाकी किती ते विचारा, वार्षिक सभेला जाऊन बसा. सभासद म्हणून तो आपला हक्क आहे.

आता शेवटी, येत्या बैठकीपासून करायच्या चार गोष्टी.

पहिली. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे आणि रक्कम मोठ्यानं सांगायची.

दुसरी. दर बैठकीत वही एका वेगळ्या बाईनं वाचायची. जिला वाचता येत नाही, तिच्याशेजारी एकीनं बसून तिचा आकडा बोट ठेवून दाखवायचा.

तिसरी. बँकेच्या कोऱ्या स्लिपवर सही किंवा अंगठा कधीच द्यायचा नाही, मग समोर सख्खी बहीण का असेना. दर महिन्याला पासबुक भरून आणायचं आणि वहीशी ताडून बघायचं.

चौथी. अध्यक्ष आणि सचिव ठरलेल्या मुदतीनं बदलायचे. जुन्या ताईंनी नवीला शेजारी बसवून शिकवायचं.

हे सगळं एकदा ठराव करून वहीत लिहून टाका. मग कुणा एकीला उठून प्रश्न विचारावा लागणार नाही आणि कुणाला "माझ्यावर संशय घेतला" असं वाटणारही नाही. नियमच तसा आहे म्हटलं की मान-अपमानाचा प्रश्न येत नाही.

आणि ज्या ताई आज आपल्या गटाच्या अध्यक्ष आहेत, त्यांना एक विनंती. बायकांनी विचारायची वाट बघू नका. या बैठकीत तुम्हीच वही पुढं सरकवा आणि म्हणा, "घे गं, आज तू वाच."