पत्र्याच्या डब्यातली नानकटाई
(दहावी १९९५ च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. फोनवर सांगितलं, "तू ग्रुपवर नानकटाईचे, केकचे आणि त्या मांजराचे फोटो टाकतेस ना, त्यावरच बोल. जेवणानंतरचा कार्यक्रम आहे, हलकंफुलकं असू दे." मी हो म्हटलं. मग घरी कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की त्या फोटोंबद्दल खरं बोलायचं तर आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. ती करून टाकते.

मार्च ते ऑक्टोबर २०२४ या काळात मी ग्रुपवर जे जे फोटो टाकले, ते सगळे माझी नोकरी गेलेली असताना काढलेले आहेत. तुम्ही भराभर अंगठे दिलेत, बदाम दिलेत. कुणीतरी लिहिलं होतं, "आयटीवाल्या मॅडमना वेळ बरा मिळतो!" मी त्यावर हसरा चेहरा टाकला होता. आज इतक्या दिवसांनी त्याचं उत्तर देते आहे.

पण सुरुवात नानकटाईपासून करू, कारण ती इथलीच आहे.

आमच्या लहानपणी सांगलीत किती घरांत ओव्हन होता? आमच्या वाड्यात तरी नव्हता. दिवाळीच्या आधी आठ दिवस आई मैदा, रवा, पिठीसाखर आणि घरचं तूप पिशव्यांत भरायची आणि आम्ही बेकरीत जायचो. तिथे नंबर लावायचा. भट्टीच्या बाहेर बाया फतकल घालून परातीत पीठ मळत बसलेल्या असायच्या. गोळे करून काळ्या पत्र्यांवर ओळीनं मांडायचे, प्रत्येकावर बोटानं खड्डा, त्यात चारोळी. आपला पत्रा कुठला हे ओळखता यावं म्हणून आई एका कोपऱ्यातला गोळा मुद्दाम लांबट करायची. लांब दांड्याच्या फळीनं पत्रे भट्टीत जायचे, आणि मग जो वास सुटायचा तो अजून आठवतो. भाजणावळ किलोवर. घरी येताना पत्र्याचा गरम डबा माझ्या मांडीवर, आणि "झाकण उघडू नको, वाफ धरेल" हे आईचं वाक्य.

ती बेकरी आपल्या ब तुकडीतल्या एकाच्या घरची. तो समोर बसलाय, हसतोय. आपण त्याला "बटर" म्हणून चिडवायचो, कारण त्याच्या दप्तरालासुद्धा बेकरीचा वास यायचा. त्याची माफी मागायची आहे, पण ती का, ते पुढे कळेल.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बारावी, वालचंद कॉलेज, २००१ साली पदवी. आमची बॅच बाहेर पडली तेव्हा अमेरिकेतल्या डॉटकॉमचा फुगा फुटलेला होता. हातात ऑफर असूनही कितीतरी जणांना रुजू व्हायला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली, त्यांत मीही होते. पण तेव्हा वय बावीस होतं आणि सगळेच एका नावेत होते. घरी बसल्याचं काही वाटलं नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी ते वेगळं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सकाळी मीटिंगचं आमंत्रण आलं. ती अकरा मिनिटं चालली. माझं काम वाईट होतं असं कुणी म्हणालं नाही, आमचा सगळा विभागच बंद होत होता. दुपारपर्यंत लॅपटॉपवरचे सगळे दरवाजे बंद झाले. अठरा-वीस वर्षं मी सकाळी साडेनऊला कुठल्या ना कुठल्या मीटिंगमध्ये "काल काय केलं, आज काय करणार" हे सांगत आले होते. दुसऱ्या दिवशी साडेनऊ वाजले आणि मला कुणी काही विचारलं नाही. नवरा ऑफिसला, मुलगी शाळेत. मी स्वयंपाकघरात उभी होते आणि ओट्यावरचा ओव्हन माझ्याकडे बघत होता. पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला, आणि आत कढया ठेवलेल्या.

त्या दिवशी मी कढया बाहेर काढल्या आणि नानकटाई केली. ती पसरली. पत्रावळीसारखी पसरली. पुन्हा केली, पुन्हा पसरली. मग मी इंजिनिअरचं डोकं चालवलं. ओव्हनचं तापमान कमी केलं, मैद्याची पिशवी बदलली, बेकिंग पावडर कमी केली. सगळं एकाच वेळी. माझ्या हाताखालच्या पोरांनी असं केलं असतं तर मी रागावले असते, "एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर चूक कुठे होती ते कळणार कसं?" घरी हे आठवायला मला चार घाणे लागले.

त्याच सुमारास मुलीनं सोसायटीच्या पार्किंगमधून मांजराचं पिल्लू आणलं. आई दिसेना, दोन दिवस एका गाडीखाली ओरडत होतं. आमच्या घरात कधी मांजर नव्हतं. मी बशीत दूध ओतलं, कारण मांजराला दूध देतात एवढंच आपल्याला ठाऊक. डॉक्टरांनी आधी तेच बंद केलं. गाईम्हशीचं दूध पिल्लांच्या पोटाला सोसत नाही, जुलाब होतात. ते साधारण सहा आठवड्यांचं होतं, वजन ४८० ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, "ओलं खाणं द्या, आणि वजनावर लक्ष ठेवा. आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वाढलं म्हणजे नीट चाललंय."

आता ४८० ग्रॅमचं पिल्लू मोजायला घरात काय होतं? नानकटाईचा डिजिटल काटा. नाक मुरडू नका, वर डबा ठेवून मोजत होते, आणि पुढे त्याला वेगळा काटा घेतला. रंग पिवळसर तपकिरी, चहात बुडवायच्या बटरसारखा, म्हणून मुलीनं नाव ठेवलं बटर. मित्रा, म्हणून माफी. तुझं नाव मी मांजराला दिलंय.

नोकरीचे अर्ज मी एका एक्सेल शीटमध्ये नोंदवत होते. कुठे केला, कधी केला, उत्तर काय. बटरचं वजन लिहायला वही सापडेना, म्हणून त्याच शीटमध्ये शेवटी एक रकाना वाढवला. मार्च गेला, एप्रिल गेला. उत्तराच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी काही नाही, काही ठिकाणी "खेद आहे". आणि शेवटच्या रकान्यात ४८०, ५९०, ६८०, ८००. खरं सांगते, त्या दोन महिन्यांत दर सोमवारी मी ती शीट उघडत होते ती या शेवटच्या रकान्यासाठी. घरात एक तरी आकडा वर जात होता आणि त्यात माझा हात होता.

बटर मोठा झाला तसा त्याचा उच्छाद सुरू झाला. ओव्हनचा दिवा लागला की समोर बसून आत फुगणारं काहीतरी बघत राहायचा, टीव्ही बघितल्यासारखा. मैदा चाळताना खाली पडणाऱ्या भुकटीवर झडप घालायचा आणि पांढऱ्या पायांनी घरभर हिंडायचा. फडताळात लपून माझ्या पदराच्या टोकाला पंजा मारायचा. एकदा व्हिडिओवर मुलाखत चालू असताना तो थेट कीबोर्डवर बसला. समोरचे गृहस्थ हसले. नोकरी मिळाली नाही, पण ते हसले. एक मात्र सांगून ठेवते, कारण घरात प्राणी असलेले बरेच जण इथे आहेत. चॉकलेट कुत्र्यामांजरांना विषारी असतं, मनुका कुत्र्यांना घातक असतात, आणि यीस्टचं कच्चं पीठ पोटात फुगतं. लाडानंही देऊ नका.

हे सगळे फोटो मी ग्रुपवर टाकत होते. एक फोटो टाकला की दिवसभर कुणीतरी बोलायचं. पण नोकरीचं लिहायला हात धजेना. आपल्या ग्रुपवर कुणाचं प्रमोशन, कुणाच्या मुलाची परदेशातली ॲडमिशन, कुणाचा नवा फ्लॅट. दहावीत गणितात पहिली आलेली मुलगी घरी बसलीय, हे तुम्हाला कळू नये असं वाटत होतं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला रोज फोन करायचे आणि "हो गं, कामात आहे" म्हणायचे.

मे महिन्यात एका गुरुवारी दुपारी आईचा फोन आला, "स्वारगेटला उतरलेय, रिक्षानं येते." सांगलीहून एसटीनं एकटी आली होती, वय चौऱ्याहत्तर. हातात तोच पत्र्याचा डबा, आत दोन किलो साजूक तूप. मी दार उघडलं. ती पायातल्या चपला काढता काढता म्हणाली, "मंगळवारी सकाळी अकराला कोण नानकटाई भाजतं गं? रजा एक दिवस असते, दोन दिवस असते. तीन महिने नसते." मी आयुष्यभर लोकांच्या नोंदींच्या वेळा बघून चुका शोधल्या. आईनं माझ्या फोटोंच्या वेळा बघितल्या होत्या.

मी रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "आणि ती नानकटाई पसरतीय ती तुपामुळं. उन्हाळ्यात तूप पातळ होतंय. फ्रीजमध्ये ठेव जरा."

दुसऱ्या दिवशी तिनं परात घेतली, थिजलेलं रवाळ तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसायला लावली. पंधरा मिनिटं. हात भरून आला. तूप पांढरंशुभ्र आणि हलकं झालं, तेव्हा म्हणाली, "आता मैदा." कारण साधं आहे. घट्ट तूप फेसताना त्यात हवा अडकते, तीच भाजताना फुलते. पातळ तुपात हवा धरतच नाही, आणि गोळा आकार धरायच्या आधीच वितळून पसरतो. त्या दिवशीच्या नानकटाईला वर छान भेगा पडल्या. जन्मभर "मांजर घरात नको, केस उडतात" म्हणणारी आई बटरला मांडीवर घेऊन त्या भेगा बघत बसली होती. ती तीन आठवडे राहिली. नोकरीबद्दल त्यानंतर एकदाही बोलली नाही.

लोक म्हणाले, धंदा सुरू कर. मी एक ऑर्डर घेऊन बघितली, राखीपौर्णिमेची, दोन किलोची. विकायचं म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी हवी, तीही केली. डबे भरताना एका नानकटाईवर तपकिरी केस दिसला. सगळा घाणा बाजूला काढला, घरी खाल्ला, आणि रात्री दोनपर्यंत स्वयंपाकघराचं दार लावून पुन्हा केला. बटर बाहेरून दार ओरबाडत होता. हिशेब केला तर तासाला मिळालेले पैसे सांगण्यासारखे नव्हते. पण खरं कारण ते नाही. त्या रात्री पहिल्यांदा मला ओव्हनसमोर उभं राहायचा कंटाळा आला. तेव्हा ठरवलं, हे विकायचं नाही. घरात एखादी गोष्ट अशी असू दे जिचा हिशेब कुणाला द्यायचा नाही.

ऑक्टोबरमध्ये नोकरी मिळाली. कंपनी आधीपेक्षा लहान, पगार कमी, माणसं बरी. नानकटाईमुळे मिळाली असं मी म्हणणार नाही. रोज अर्ज केले, नवं शिकले, एका जुन्या सहकाऱ्यानं नाव सुचवलं, म्हणून मिळाली. पण ते आठ महिने मी सकाळी उठत होते, त्याचं कारण पिल्लाला सात वाजता भूक लागायची आणि तूप आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवलेलं असायचं.

हे आज का सांगितलं? आपण सगळे आता पंचेचाळीस-सेहेचाळीसचे झालो. या वयात कुणाची नोकरी जाते, कुणाचं दुकान बसतं, कुणाच्या घरात दुखणं येतं. ग्रुपवर मात्र सगळे मजेत असतात. यापुढे कुणी सकाळी अकराला स्वयंपाकाचे, कुंड्यांचे किंवा कुत्र्यामांजराचे फोटो फार टाकायला लागलं, तर अंगठा देऊन पुढे जाऊ नका. एक फोन करा. "काय चाललंय?" एवढंच विचारा. माझ्या बाबतीत ते आईनं केलं. सगळ्यांच्या आया आता एसटीत बसू शकत नाहीत.

आता कृती. मोबाइल काढा, लिहून घ्या, नाहीतर रात्री मला पन्नास मेसेज येतील. मैदा १५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, साजूक तूप १२० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ. तूप थिजलेलं हवं. आधी तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसा, मग बाकीचं चाळून घाला, मळू नका, नुसतं एकत्र करा. गोळे करून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ओव्हन १७० अंशांवर आधी तापवून घ्या, पंधरा ते अठरा मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागतील. कच्च्या राहिल्या असं वाटून परत आत ढकलू नका, गार झाल्या की खुसखुशीत होतात. आणि गरम असताना डब्यात भरू नका, वाफ धरते.

मागच्या टेबलावर चहाजवळ आईचा तो पत्र्याचा डबा ठेवलाय. काल रात्री केल्यात, दार लावून. तरीही एखादा केस निघालाच, तर तो बटरचा आहे. समोर बसलेल्या नव्हे, घरच्या.

बाई, पहिली तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवली आहे.