सांडपाण्याची साक्ष
(हिंगोली येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



औद्योगिक प्रदूषणाविरुद्धच्या राज्यव्यापी चळवळीचे धुरीणत्व मुंबई-पुण्याकडेच असावयाचे आणि आपण जिल्ह्यातील माणसांनी फार तर निवेदनावर सह्या करावयाच्या, हा समज अगदीच निराधार नाही. थळ-वायशेतच्या खत कारखान्याचा वाद पेटला तेव्हा मुंबईकर विरोधकांच्या हाताशी वृत्तपत्रे होती, मंत्रालय जवळ होते, आणि तरीही कारखाना उभा राहिलाच. आपल्या पाच तालुक्यांत ती साधने नाहीत. परंतु ज्या पुराव्यावाचून राजधानीतील निष्णात वकीलही निरुत्तर होतो, तो पुरावा कयाधूच्या आणि पूर्णेच्या काठीच निर्माण व्हावयाचा असतो.

केंद्राचा जलप्रदूषणविषयक कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने मात्र १९६९ सालीच स्वतःचा कायदा करून ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिले. हे भूषणावह खरेच. पण कायद्याची अंमलबजावणी दप्तरातून होते, आणि दप्तर तगाद्यावाचून हलत नाही.

उसाच्या मुलखाचे उदाहरण घेऊ. कोणा एका कारखान्यावर माझा आरोप नाही, मी रीत सांगतो आहे. मळीपासून मद्यार्क काढताना दर लिटरमागे साधारण आठ ते पंधरा लिटर तांबूस-काळे सांडपाणी मागे उरते. त्याची जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे त्यातील घाण कुजताना शोषला जाणारा प्राणवायू, लिटरमागे चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात असते, आणि नदीत सोडावयाच्या पाण्यास सर्वसाधारण मर्यादा आहे अवघी तीस. उन्हाळ्यात, नदीला धार उरलेली नसताना, असे पाणी डोहात शिरले म्हणजे पाण्यातील प्राणवायू संपून मासे उलटे तरंगू लागतात. मग कोणी तरुण ते पाणी बाटलीत भरून कलेक्टर कचेरीत नेतो, त्याचे छायाचित्र निघते, आणि प्रकरण तेथेच मिटते.

असे का होते? केंद्राच्या कायद्याच्या एकविसाव्या कलमान्वये सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यावयाचा, कारखानदारास तत्क्षणी नोटीस द्यावयाची, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही मोहोरबंद करावयाचे, त्यांवर उभयतांनी सही करावयाची. यांत कसूर झाली की प्रयोगशाळेचा अहवाल न्यायालयात ग्राह्य धरला जात नाही. तेव्हा चळवळीचे खरे कौशल्य बाटली भरण्यात नसून, पाणी वाहत असतानाच अधिकाऱ्यास तेथे हजर करण्यात आहे. त्यासाठी कोणत्या रात्री, कोणत्या नाल्याने, किती वाजता पाणी सुटले याची गावकऱ्यांनी राखलेली नोंदवही घोषणांहून मोलाची होय. दूरध्वनीवरील तक्रारीपाठोपाठ लेखी अर्ज आणि त्याची पोच हवीच.

१९८८ पूर्वी मंडळाच्या तक्रारीवाचून किंवा लेखी मंजुरीवाचून न्यायालय दखलच घेत नसे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाही नागरिकास फिर्याद करण्याची मुभा मिळाली. इतकेच नव्हे, तर सांडपाणी सोडण्याच्या संमतिपत्रांची नोंदवही बाधित इसमास पाहावयास खुली ठेवणे मंडळावर बंधनकारक आहे. हा अधिकार वापरणारे विरळा, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

म्हणून राज्यपातळीवरील संघटनेत आपला प्रतिनिधी धाडण्याची घाई करू नका. प्रथम आपल्या गावाच्या वरच्या अंगास जो कारखाना असेल, त्याच्या संमतिपत्राची नक्कल मिळवा, त्यातील अटी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा, आणि पुढील गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी गावची नोंदवही कोणी राखावयाची ते ठरवा.