श्राव्यातीत ध्वनी आणि उपकरणांची स्वच्छता
(भाषणाचा मजकूर)



कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. ऊस, कापूस आणि मोसंबी पिकविणाऱ्या या परिसरात ट्रॅक्टर, डिझेल इंजिने आणि फवारणीचे पंप यांची दुरुस्ती बारमाही चालते. जखमेला टाके घालण्यापासून बाळंतपणापर्यंतची वैद्यकीय सेवाही येथील माणसाला जवळच मिळावी लागते. दुरुस्तीचे दुकान आणि दवाखाना ही दोन ठिकाणे एकमेकांपासून अगदी भिन्न. तथापि एक अडचण दोहोंना समान आहे. जेथे बोट शिरत नाही आणि ब्रशही पोहोचत नाही, अशा सांदीतील मळ काढावयाचा कसा?

डिझेल इंजिनाच्या नोझलची छिद्रे मिलिमीटरच्या काही दशांशांहून मोठी नसतात. त्यांत काजळी साचली की इंजिन धूर ओकते आणि डिझेल वाया जाते. शस्त्रक्रियेतील चिमट्याचा सांधा, त्याच्या टोकावरील बारीक दाते आणि कात्रीची बिजागरी यांत रक्त सुकून राहिले, तर मात्र नुकसान पैशाचे राहत नाही. ते पुढील रुग्णाच्या जिवाचे असते.

स्वच्छता आधी, निर्जंतुकीकरण नंतर

उपकरण उकळले किंवा ऑटोक्लेव्हमध्ये ठेवले म्हणजे काम संपले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो अपुरा आहे. ऑटोक्लेव्हमधील १२१ अंश सेल्सिअस तापमानाची वाफ उपकरणाच्या पृष्ठभागाला प्रत्यक्ष भिडली, तरच ती जंतूंचा नाश करते. सुकलेल्या रक्ताचा किंवा पुवाचा थर मध्ये असेल, तर त्या थराखालील जंतूंना जणू चिलखतच लाभते. जंतुनाशक द्रावणांची शक्तीही अशा मळामुळे क्षीण होते. म्हणून अस्वच्छ उपकरणाचे खात्रीचे निर्जंतुकीकरण होऊच शकत नाही. श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र उपयोगी पडते ते या पहिल्या पायरीवर.

न ऐकू येणारा ध्वनी

माणसाच्या कानाला साधारणपणे दर सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. रात्री उडणारे वटवाघूळ अशाच ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. हा ध्वनी निर्माण करण्याच्या आजच्या साधनाचा पाया घातला गेला तो १८८० मध्ये. त्या वर्षी झाक आणि प्येर क्यूरी या फ्रेंच बंधूंना असे दिसून आले, की काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांवर विद्युत् भार प्रकटतो. याउलट, अशा स्फटिकाला बदलता विद्युत् दाब दिला की तो आकुंचन-प्रसरण पावून कंप पावू लागतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांझव्हँ यांनी या गुणधर्माचा उपयोग पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी केला. भारतातही या विषयाचे मूलभूत संशोधन झाले आहे. श्राव्यातीत तरंगांमुळे प्रकाशाचे विवर्तन कसे होते, याचा सिद्धांत सर चंद्रशेखर व्यंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये मांडला.

आजच्या यंत्रात स्फटिकाऐवजी बहुधा शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांची भाजून घट्ट केलेली चकती असते. ज्या गावाच्या नावातच कुंभार आहे, तेथे हे सांगणे वावगे होणार नाही, की या यंत्राचा गाभा म्हणजे भट्टीत भाजलेली एक प्रकारची मृत्तिकाच होय.

बुडबुड्यांचे सामर्थ्य

यंत्राची रचना साधी असते. स्टेनलेस स्टीलची टाकी, तिच्या तळाला बाहेरून चिकटविलेल्या चकत्या आणि त्यांना वीज पुरविणारे मंडल. टाकीतील द्रवातून दर सेकंदाला बहुधा २०,००० ते ४०,००० कंपने जातात. प्रत्येक कंपनात द्रव क्षणभर ताणला जातो आणि क्षणभर दाबला जातो. ताणाच्या क्षणी असंख्य सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात. दाबाच्या क्षणी ते आतल्या आत कोसळतात. प्रत्येक बुडबुडा कोसळताना अतिशय लहान जागेत प्रचंड दाब उत्पन्न होतो आणि द्रवाची बारीक चिळकांडी पृष्ठभागावर आदळते. मळ निखळतो तो या माऱ्याने.

हीच क्रिया प्रथम शत्रू म्हणून परिचित झाली होती. वेगवान जहाजांचे पंखे अशा बुडबुड्यांमुळे झिजून जात. त्या प्रश्नाच्या संदर्भात लॉर्ड रॅले यांनी कोसळणाऱ्या बुडबुड्यातील दाबाचे गणित १९१७ मध्ये मांडले. जी शक्ती पोलाद कुरतडते, तीच मोजून-मापून वापरली असता पोलादावरील मळ काढते. जेथे द्रव शिरतो तेथे बुडबुडाही पोहोचतो, हे या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य होय. पेठेतील सराफ आणि चष्मेवाले यांच्याकडे असणारी लहान यंत्रे याच तत्त्वावर चालतात. मात्र मोती आणि पाचू यांसारखी नाजूक रत्ने त्यांत टाकू नयेत.

वापरण्याची रीत

यंत्राचा लाभ वापरणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून असतो. वापरलेले उपकरण सुकू देऊ नये. ते लगेच थंड पाण्याने धुवावे. कढत पाण्याने रक्तातील प्रथिने साकळून घट्ट चिकटतात. टाकीत साधे पाणी पुरत नाही. उपकरणांसाठी बनविलेले योग्य प्रक्षालक त्यात मिसळावे लागते. ताज्या द्रावणात हवा विरघळलेली असते आणि ती बुडबुड्यांचा मारा मंदावते. म्हणून प्रारंभी काही मिनिटे यंत्र रिकामेच चालवावे. चिमटे व कात्र्या उघड्या स्थितीत, जाळीच्या टोपलीत, एकावर एक न रचता पूर्ण बुडवाव्यात. निर्मात्याने सांगितलेला वेळ पाळावा. यंत्र चालू असता झाकण बंद ठेवावे, कारण दूषित तुषार हवेत उडतात. आणि टाकीत हात कदापि घालू नये. ॲल्युमिनिअम, पितळ आणि स्टेनलेस स्टील यांच्या वस्तू एकत्र ठेवू नयेत. द्रावण गढूळ होताच बदलावे, नाहीतर एका उपकरणाचा मळ दुसऱ्यावर चढतो.

यंत्र नीट चालते की नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. ॲल्युमिनिअमची पातळ फॉइल टाकीत थोडा वेळ उभी धरावी. तिच्यावर सर्वत्र सारखे खड्डे व छिद्रे पडली, तर यंत्र ठीक आहे. एखादा भाग कोराच राहिला, तर तेथील चकती निकामी झाली असण्याचा संभव असतो.

मराठवाड्यातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असते. त्याचे डाग उपकरणावर राहतात आणि पुढे तेथे गंज धरतो. यासाठी शेवटची विसळणी तरी ऊर्ध्वपातित पाण्याने करावी. नंतर उपकरण कोरडे करून भिंगाखाली तपासावे आणि मगच ऑटोक्लेव्हमध्ये ठेवावे. श्राव्यातीत यंत्र मळ काढते; ते उपकरणाला निर्जंतुक करीत नाही. हा भेद विसरला गेला, तर यंत्र घेऊनही रुग्ण असुरक्षितच राहील.

कारागिरांसाठी इशारा

सुटे भाग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुण्याची सवय दुरुस्तीच्या दुकानांत जुनी आहे. ती या टाकीपर्यंत नेता कामा नये. कंपनांनी द्रव तापतो, त्याची वाफ पसरते आणि एका ठिणगीने आग भडकू शकते. पाण्यात मिसळणारे प्रक्षालकच येथे वापरावे. कीटकनाशकांच्या फवाऱ्याचे नोझल ज्या टाकीत धुतले, तिच्यात दुसरे काहीही धुऊ नये.

ज्या दवाखान्यात असे यंत्र नाही, तेथेही निराश होण्याचे कारण नाही. हातात जाड मोजे, मऊ ब्रश, पाण्याखाली धरलेले उघडे उपकरण आणि भिंगातून केलेली तपासणी, एवढ्यानेही पुष्कळ साधते. यंत्राने कष्ट वाचतात आणि सांदीकोपऱ्यांची शाश्वती मिळते. पण सांधा उघडून पाहण्याचा नेम माणसानेच पाळावयाचा असतो. गावातील रुग्ण टेबलावर निजतो, तेव्हा त्या चिमट्याच्या सांध्यात काय आहे, हे त्याला दिसत नसते. त्याच्या वतीने ते पाहणे हे उपकरणे धुणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य होय.