छुप्या योद्ध्याचें कसब

इसवी सन १८१८ च्या मे महिन्यांत, नागपुराहून प्रयागच्या वाटेवर, जबलपूरजवळच्या एका मुक्कामांतून एक राजकैदी रातोरात नाहींसा झाला. नागपूरचे आप्पासाहेब भोसले ते हेच. आदल्या वर्षीं २६ व २७ नोव्हेंबर रोजीं सीताबर्डीच्या टेकड्यांवर त्यांच्या फौजेचा पराभव झाला होता. भोंवतीं पलटणीचा पहारा असतां ते शिपायाचा वेष करून निघाले आणि महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांच्या आश्रयास गेले. इंग्रजांच्या कैदेंत ते पुन्हां कधीं आले नाहींत. १८४० मध्यें जोधपुरास त्यांचा अंत झाला. सीताबर्डीचा किल्ला पाहिला कीं नागपूरकरांना ती लढाई आठवते. त्या मुक्कामाची रात्र मात्र फारशी कोणास आठवत नाहीं. समोरासमोरच्या झुंजीलाच शौर्य म्हणण्याची संवय जुनी आहे.

वेष, अंधार आणि नेमकी वेळ यांवर भिस्त ठेवणारा हा वीर हिंदी कादंबऱ्यांत ‘ऐयार’ या नांवानें प्रसिद्ध आहे, आणि मराठी व हिंदी एकाच आळींत नांदणाऱ्या नागपुरांत त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. हाच ऐयार आज संगणकावरील खेळांत तरुणांच्या हातीं आलेला दिसतो. इंटरनेटवर देशोदेशींचे खेळाडू एका कल्पित राज्यांत एकत्र जमतात, प्रत्येकजण एकेका योद्ध्याचें सोंग घेतो आणि राक्षसांशीं लढतो. तेथें या सोंगाला ‘रोग’ असें इंग्रजी नांव आहे. देवनागरींत लिहितांच त्यास व्याधीची कळा येते. म्हणून त्याला ऐयार म्हणणेंच बरें.

या सोंगाचा उगम संगणकाच्या पडद्यावर झालेला नाहीं. १९७४ मध्यें अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोंवतीं बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत आरंभीं लढवय्या, जादुगार आणि धर्मोपदेशक अशीं तीनच पात्रें होतीं. चोराची भर १९७५ मध्यें पडली. कुलुपें उघडणें, सांपळे ओळखणें आणि मागून वार करणें ही त्याची करामत. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्यें आणि २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्यें तोच ऐयार होऊन आला.

या दुसऱ्या खेळाचें मूळ रूप २०१९ मध्यें पुन्हां खुलें करण्यांत आलें. त्यांतील ऐयाराची रीत पाहण्याजोगी आहे. अंगावर कातड्याचें चिलखत, दोन हातीं दोन खंजीर, पात्यांना विष. सामर्थ्याचें माप शंभर, आणि तें दर दोन सेकंदांनीं विसानें भरतें. पाठींत घालावयाच्या एका वारास साठ खर्च होतात. म्हणजे एका वाराचा खर्च भरून येण्यास सहा सेकंद लागतात. नळाच्या बारीक धारेखालीं ठेवलेल्या घागरीसारखें हें काम आहे. घाई करून पाणी मिळत नाहीं. नेमक्या वारांगणिक गुण सांठतात, पांच झाले कीं एका घावांत ते सर्व खर्ची घालतां येतात. मात्र हे गुण त्या एका शत्रूवरच जमलेले असतात. मध्येंच दुसऱ्यावर वळणाऱ्याचे श्रम वायां जातात.

पाठीमागें उभें राहण्यालाहि कारण आहे. समोरून केलेला वार शत्रु शस्त्रावर झेलूं शकतो, ढालीवर घेऊं शकतो. मागून तें त्यास साधत नाहीं. येथें नागपूरच्या खेळाडूला एक निराळीच अडचण भोगावी लागते. खेळ चालविणारें यंत्र युरोपांत असेल, तर तें सुमारें सात हजार किलोमीटर दूर पडतें. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. तेव्हां नुसत्या जाण्यायेण्यांतच सेकंदाचा चौदावा भाग सरतो, आणि प्रत्यक्ष मार्ग इतका सरळ कधींच नसतो. पडद्यावर राक्षसाची पाठ दिसत असते, पण तिकडे तो केव्हांच वळलेला असतो. ढाल घेऊन उभ्या राहणाऱ्याला हा विलंब चालून जातो. ऐयाराचा वार फुकट जातो.

तथापि या खेळांतील खरी कसोटी हाताच्या चपळाईची नाहीं. पांच जणांच्या टोळींत एक ढालकरी, एक वैद्य आणि तिघे घाव घालणारे असतात. राक्षसाचा राग कोणावर किती, याचा हिशेब यंत्र ठेवीत असतें, आणि अधिक घाव घालणाऱ्यावर तो राग वाढत जातो. ढालकऱ्यानें राक्षसाला आपल्याकडे खिळवून ठेवलें आहे, तोंवरच ऐयाराला पाठ सांपडते. हांवेनें आरंभींच सर्व बळ ओतणाऱ्या ऐयाराकडे राक्षस गर्रकन् वळतो. कातड्याच्या चिलखतावर दोन घाव पुरे होतात. म्हणून खोट्या हूलीनें राग कमी करण्याची आणि संकटसमयीं अदृश्य होण्याची युक्ति त्याला दिलेली आहे. अदृश्य होण्याची युक्ति मात्र पांच मिनिटांतून एकदांच!

एकांड्या दिसणाऱ्या या योद्ध्याइतका दुसऱ्यावर अवलंबून असणारा योद्धा टोळींत दुसरा नसेल. आप्पासाहेबांचेंहि असेंच होतें. पहाऱ्यावरच्याच कांहीं शिपायांची साथ नसती, तर शिपायाचा वेष काय कामाचा होता? आणि डोंगरांत गोंडांनीं थारा दिला नसता, तर ती रात्र किती दिवस टिकली असती?

ज्यांच्या घरीं मुलें हा खेळ खेळतात, त्या श्रोत्यांनीं पडद्याच्या कडेला आंकड्यांचा एक तक्ता पाहिला असेल. प्रत्येकानें किती घाव घातले, तें त्यांत क्षणोक्षणीं मांडलें जातें, आणि तरुण ऐयारांचें सारें लक्ष त्या तक्त्यांतील पहिल्या ओळीकडे असतें. हें खूळ वाईट आहे. शत्रूचा मांत्रिक मंत्र म्हणूं लागला, तर त्याला लाथ घालून तो तोडणें हें ऐयाराचेंच काम. त्यासाठीं पंचवीस सामर्थ्य वेंचावें लागतें, आणि तेवढ्यानें पुढचा मोठा वार लांबतो. लाथ बसते, मंत्र अर्ध्यावर तुटतो, ढालकरी वांचतो. तक्त्यांत त्या लाथेपुढें एक क्षुल्लक आंकडा पडतो, आणि तो कोणी वाचीत नाहीं.